हप्त्याहप्त्याने दात

देवाने माणसाला बत्तीस दात दिले खरे. पण त्यांतले सव्वीस त्याच्या मालकीचे ठेवून वरचे पुढचे सहा त्याने समाजाच्या नावावर करून दिले आहेत. एखाद्याची मागची दाढ वाकडी असली तर ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. परंतु पटाशीचे दोन दात ओठांच्या हद्दीबाहेर जरा डोकावले, की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांवर अभिप्राय देतं. आपली भाषा या बाबतीत फार उदार आहे. खोबऱ्याच्या किसणीपासून फावड्यापर्यंत सगळी अवजारं तिने या कामाला जुंपली आहेत. वाकड्या नाकाच्या माणसाला लोक निदान पाठीमागे नावं ठेवतात. पुढे आलेल्या दातांचं तसं नाही. दातच पुढे, म्हणून बोलणंही तोंडावर.

मी बँकेत कारकून, शिक्षणाने बी. कॉम. दातांशी माझा संबंध ते घासण्यापुरता, आणि वरिष्ठांसमोर आवळून धरण्यापुरता. पण आमच्या तेरा वर्षांच्या कन्येचे वरचे दात पुढे आले, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चिखलीत येणाऱ्या दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी ‘पस्तीस हजार, हप्त्याने चालेल’ असं सांगितलं. आता, कर्ज मागणाऱ्याची मागच्या तीन वर्षांची पत्रकं पाहिल्याशिवाय पस्तीस हजार सोडायचे नाहीत, हे आमच्या रक्तात भिनलेलं. तेव्हा मी या धंद्याची मागची दोन हजार वर्षांची पत्रकं पाहायला घेतली. जे सापडलं ते वाचकांपुढे ठेवतो. ताळेबंद जुळतो की नाही, ते त्यांनीच पाहावं.

पहिली नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. रोममधला सेल्सस नावाचा विद्वान लिहून गेला आहे, की दुधाचा दात पडायच्या आधीच त्याच्या जागी दुसरा उगवला, तर दुधाचा दात काढून टाकावा आणि नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलत राहावा. झालं! ना तार, ना हप्ता, ना दुसरा रविवार. स्वतःचं बोट आणि अंगी थोडी चिकाटी एवढंच भांडवल. आणि गंमत अशी, की तत्त्वाच्या दृष्टीने या दोन हजार वर्षांत त्यात फारशी भर पडलेली नाही. रोज थोडं ढकलायचं, एवढंच ते तत्त्व. पुढची सगळी विद्या म्हणजे ‘थोडं’ म्हणजे किती, आणि ढकलायचं नेमकं कुठे, याचा काथ्याकूट.

मधली सतरा शतकं आपण सोडून देऊ. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात धातूच्या चपट्या पट्टीला भोकं पाडून, ती दातांच्या ओळीला लावून, वाकडे दात दोऱ्याने तिच्याकडे ओढून बांधायची युक्ती आहे. ही पट्टी सोन्याची किंवा चांदीची असे. खामगावच्या चांदीबाजारातल्या कुठल्याही कारागिराने ती दुपारच्या जेवणाआधी करून दिली असती. पण फोशारला कधीकधी धीर धरवत नसे. तो ‘पेलिकन’ नावाच्या चिमट्याने वाकडा दात पकडून एका हिसक्यात सरळ करी आणि मग शेजाऱ्यांना बांधून टाकी. आमच्या बँकेत याला ‘एकरकमी तडजोड’ म्हणतात. प्रकरण लवकर मिटतं. पण त्यानंतर खातं जिवंत राहील याची खात्री नसते.

दात सरकतो हे असं सगळ्यांना माहीत होतं. तो का सरकतो, हे मात्र कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. दात म्हणजे काही भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो. दात त्यात झोळीतल्या पोरासारखा टांगलेला असतो. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने कुत्र्याचे पुढचे दात तीन आठवडे मागे ओढले आणि मग त्या हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्या बाजूला दात दाबला गेला, तिथलं हाड झिजलेलं होतं. ज्या बाजूला ताण पडला, तिथे नवं हाड बसलेलं होतं. थोडक्यात, आपल्या जबड्यात पाडापाडीचं खातं आणि बांधकाम खातं अशी दोन खाती एकाच वेळी आणि एकमेकांना विचारून काम करतात. नगरपालिकेच्या अभियंत्यांना हे काप एकदा अवश्य दाखवावेत.

पण सँडस्टेटला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती वाचून मला आमच्या वसुली अधिकाऱ्यांची आठवण झाली. जोर फार झाला, की त्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या दबून बंद पडतात. तिथल्या पेशी मरतात, पडदा काचेसारखा होतो, आणि दात जागच्या जागी अडतो. मग हाड मागच्या बाजूने पोखरलं जाईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहत बसायचं. १९३२ साली मार्टिन श्वार्झ याने मर्यादाच घालून दिली, की दाब केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाहून जास्त नको, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. आज पाठ्यपुस्तकं सांगतात, की पुढचा एक दात नुसता कलवायचा तर ३५ ते ६० ग्रॅम पुरतात. म्हणजे एका लिंबाचं वजन! आणि एवढ्या लिंबाएवढ्या जोरावर दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर चालतो.

वसुलीचंही असंच आहे. ज्याच्या दारात जीप उभी केली, तो कर्जदार मामाच्या गावाला जातो. ज्याला दर महिन्याला गोड बोलून शंभर रुपये मागितले, तो पाच वर्षांत सगळं फेडतो. ही गोष्ट आम्हाला सोयाबीनच्या तीन हंगामांनंतर कळली. श्वार्झला मात्र ती रक्तवाहिन्यांवरून कळली.

आता ढकलायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. तो समजायला मला आमच्या मावशींची मदत झाली. कन्येच्या दातांवर तारा बसल्याचं ऐकून त्या मेहकरहून मुद्दाम पाहायला आल्या, तोंड उघडायला लावून त्यांनी आतला सगळा देखावा पाहिला आणि मला म्हणाल्या, “कायले रे बापू पोरीच्या तोंडाले तारेचं कुंपन घातलं? तिच्या तोंडात का ढोरं शिरून रायले?”

मावशी थट्टा करत होत्या, पण उपमा अगदी शास्त्रीय होती. वावराच्या धुऱ्यावर गाडलेला कुंपणाचा खांब डोळ्यांपुढे आणा. त्याच्या शेंड्याला दोर बांधून ओढलं, तर खांब सबंध सरकत नाही. शेंडा आपल्याकडे झुकतो आणि जमिनीतला बुंधा पलीकडे जातो. दाताचंही तसंच. ओढण्याची जागा असते बाहेर, दिसणाऱ्या भागावर. आणि दाताचं प्रतिरोध केंद्र, म्हणजे ज्या बिंदूतून ओढलं असता तो न कलता सरळ सरकेल तो बिंदू, असतो आत मुळावर, हाडाच्या कडेपासून मुळाच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत खोल. तिथे दोर बांधायला कोण जाणार? म्हणून नुसतं मागे ओढलं, की पुढचे दात आत कलतात आणि मुळं बाहेर फाकतात. घर सरळ दिसतं, पाया तिरका.

यावरचा तोडगा असा, की ओढता ओढता दाताला उलटा पीळही द्यायचा. ब्रॅकेटपासून ते केंद्र साधारण १० मिलिमीटरवर धरलं, तर १०० ग्रॅमने मागे ओढताना १००० ग्रॅम-मिलिमीटरचा पीळ जोडीला हवा. पीळ कमी पडला तर दात कलतो, जास्त झाला तर मूळच पुढे धावतं. चार्ल्स बर्स्टन या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० च्या दशकापासून हे सगळं हिशेबात बसवलं. तोपर्यंत जे हाताच्या अंदाजाने चाले, त्याला त्याने गणिताची शिस्त लावली. अशा माणसाविषयी आम्हा कॉमर्सवाल्यांना नकळत आदर वाटतो.

पण पीळ द्यायचं साधन त्याच्याही आधी तयार झालं होतं, आणि ते देणारा माणूस म्हणजे या इतिहासातला खलनायक आणि नायक एकाच अंगरख्यात. एडवर्ड अँगल त्याचं नाव, जन्म १८५५. दात सरळ करण्याची ही स्वतंत्र विद्या आहे असं सांगून त्याने १९०० साली अमेरिकेत सेंट लुईसला तिची शाळा काढली. वाकड्या दातांचे त्याने केलेले तीन वर्ग आजही जगभर चालतात. आमची कन्या त्यांतल्या दुसऱ्या वर्गात आहे, शाळेत आठवीत. १९२८ साली त्याने चौकोनी खाचेचं ब्रॅकेट जगापुढे ठेवलं. खाच केवढी? तर एक इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतले २२ उंच आणि २८ खोल. त्यात चौकोनी तार बसवली, की ती पान्यासारखी दाताला पकडते; तार पिळली की मूळ फिरतं. गोल तारेला ही पकड नसते. मनुष्यमात्राच्या हसण्याचं भवितव्य एवढ्याशा खाचेत अडकलेलं आहे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ते नोटांच्या बंडलावरच्या सहीइतकंच गंभीरपणे घेतलं असतं.

अँगलचा एक हट्ट मात्र विलक्षण होता. देवाने दिलेले सगळे दात तोंडात राहिलेच पाहिजेत. एकही काढायचा नाही. दात काढणाऱ्यांशी त्याच्या पंथाचं १९११ साली जाहीर भांडण झालं. सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून त्याने अपोलो या ग्रीक देवाचा पुतळा ग्रंथात छापला होता. आपल्या जिल्ह्यात अपोलो म्हटलं की ट्रॅक्टरचं टायर आठवतं, ते असो. पण जबडा लहान आणि दात मोठे असतील, तर सगळ्यांना ओळीत बसवायला ओळच पुढे सरकवावी लागते. दात सरळ होतात, पण तोंड पुढे येतं.

हे पाहिलं अँगलच्याच लाडक्या शिष्याने. ॲरिझोनातल्या चार्ल्स ट्वीडने गुरूच्या पद्धतीने कितीतरी तोंडं सरळ केली, आणि काही वर्षांनी त्यांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा त्याला ती पसंत पडेनात. मग त्याने त्याच रुग्णांना परत बोलावलं, चार उपदाढा काढल्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे नेऊन बसवले. १९४० साली त्याने असे दोनदा उपचार केलेले शंभर रुग्ण, आधीच्या आणि नंतरच्या साच्यांसकट, आपल्या धंद्यातल्या लोकांसमोर मांडले. दुसऱ्या वेळचे पैसेही त्याने घेतले नाहीत. हे वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या धंद्यात चुकून कापलेले सत्तर रुपये परत करायला तीन अर्ज आणि एक शिफारस लागते.

रस्ता रुंद करायला ओळीतली चार घरं पाडतात, तसा हा प्रकार. एका उपदाढेची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर, तेवढी जागा प्रत्येक बाजूला मिळते. पण इथे नवीनच पंचाईत. पुढचे दात मागे ओढायचे तर दोर बांधायचा कशाला? मागच्या दाढांना. आणि न्यूटनने १६८७ साली सांगून ठेवलं आहे, की क्रिया तितकी प्रतिक्रिया. म्हणजे दाढाही पुढे निघतात. खरं तर हे न्यूटनच्या १९३ वर्षं आधी, १४९४ साली, पाचोली नावाच्या इटालियन साधूने दुहेरी नोंदीची हिशेबपद्धती छापली तेव्हाच ठरलेलं आहे. जमेला काही पडलं, की नावे तेवढंच पडतं. पुढच्या दातांच्या खात्यात जी जागा जमा करायची, ती दाढांच्या खात्यातून चोरीला जाऊ द्यायची नाही, एवढंच खरं कौशल्य. बैल तगडा आणि खुंटा पोचट असला की खुंटाच उपटून येतो.

मग खुंटा भक्कम करण्याचे प्रयोग झाले. एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्मन किंग्स्लेने डोक्याला टोपडं घालून डोक्याचाच खुंटा केला. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड बेगने, तोही १९२४-२५ चा अँगलचाच शिष्य, उलटा विचार केला: बैलालाच इतकं हलकं ओढू या, की खुंट्याला कळणारही नाही. गोल, बारीक, ताठ पोलादी तार घेऊन त्याने आधी दात कलवले आणि मग मुळं सरळ केली. ती तार आर्थर विल्कॉक नावाच्या धातुतज्ज्ञाने त्याला करून दिली. १९५६ मध्ये जाहीर झालेली ही पद्धत आपल्या देशातही पुष्कळ वर्षं चालली. आणि १९८३ साली अमेरिकेत क्रीकमोर आणि एकलुंड या दोघांनी नाकाखालच्या हाडात एक चिमुकला स्क्रू बसवून, त्याच्या आधाराने वरचे पुढचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर चढवले. खुंटा अखेर जमिनीतच गाडला.

तारांचंही असंच. अँगलच्या काळी सोनं होतं, पुढे पोलाद आलं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास निकेल आणि टिटॅनियम यांचा असा मिश्रधातू सापडला, की तो वाकवला तरी आपला मूळ आकार विसरत नाही. आयोवाच्या जॉर्ज अँड्रिआसनने १९७१ मध्ये त्याची तार दातांसाठी आणली. कर्जदारांसाठी असा धातू अजून निघालेला नाही. आणि १९९७ साली तारेऐवजी पारदर्शक साच्यांनी दात हलवायची कंपनी काढली ती स्टॅनफर्डच्या दोन एम. बी. ए. वाल्यांनी. म्हणजे शेवटी आमच्याच जातीचे! त्या साच्यांची किंमत ऐकली तेव्हाच मला त्यांचं शिक्षण ओळखू आलं.

हे सगळं जगात चाललं होतं, तेव्हा आपल्याकडे काय होतं? १९२० मध्ये कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईला नायर रुग्णालयाचं १९३३ मध्ये झालं. १९६५ मध्ये दात सरळ करणाऱ्यांची भारतीय संघटना स्थापन झाली. विदर्भात नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय १९६८ चं, आणि जालन्यापलीकडे छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं, १९८२ चं.

१९८२ हे साल मी खाली रेघ मारून ठेवलं आहे. त्या साली माझी आक्का चौदा वर्षांची होती.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचे दात कन्येसारखेच. किंवा खरं म्हणजे कन्येचे तिच्यासारखे. घरात तिचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत ओठ मिटलेले, नाहीतर पदर तोंडाशी. तिला पाहायला तेरा स्थळं आली. चहा-पोहे झाले, मुलगी पसंत पडली, ती हसली, आणि मंडळी ‘कळवतो’ म्हणून एस. टी.ने निघून गेली. चौदाव्या खेपेला आमचे भाऊजी आले, ते पोस्टात होते आणि उघड्या पाकिटापेक्षा आतला मजकूर पाहायची त्यांना सवय होती. पुढे आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. पण हसू आलं की उजवा तळवा तोंडावर जायचा, तो जायचाच. वर्गात खडूसकट. मुलं म्हणायची, बाईंच्या मिशीला खडू लागला. नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर, संभाजीनगरला कॉलेज निघाल्याचं आमच्या गावाला माहीत नाही, आणि दातांसाठी पैसा खर्च करायचा असतो हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नाही. शास्त्र तयार होतं. ते आमच्यापर्यंत यायची गाडी लागलेली नव्हती.

गेल्या वर्षी संक्रांतीला कन्या काहीतरी विनोद ऐकून हसली आणि तिचा उजवा तळवा तोंडावर गेला. तो तिला कुणी शिकवला नव्हता. मी आक्काकडे पाहिलं, आक्काने माझ्याकडे. घरातल्या बाकीच्यांनी ‘लग्नाच्या वेळी बघू’ असं सुरू केलं होतं. आक्का म्हणाली, “लग्नाचं राहू दे. तिला विचारा.” कन्येला विचारलं. ती खो-खो खेळते. पडलं की आधी दातच लागतात, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की पुढे आलेल्या दातांना मार लवकर बसतो. “आणि मला हसताना हात मोकळे पाहिजेत,” ती म्हणाली. आक्काने पर्स उघडली आणि पहिला हप्ता टेबलावर ठेवला.

आता तारा बसून चौदा महिने झाले. ऊस, चिक्की, फुटाणे बंद. गेल्या हिवाळ्यात हुरड्याला बोलावणं आलं, तेव्हा पोरगी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत बसली. एक दाणा चाखला तर तो सोडवायला अर्धा तास गेला. दर महिन्याला एक मिलिमीटर, दर महिन्याला एक हप्ता. दात जागेवर आले तरी सुट्टी नाही म्हणे. तारा काढल्यावर रात्री साचा घालायचाच, नाहीतर दात जुन्या पत्त्यावर परत जातात. कर्ज फिटलं तरी खातं चालू ठेवा, असं आम्हीही सांगतोच.

मागच्या दुसऱ्या रविवारी कन्येबरोबर आक्का आली होती. पुढल्या वर्षी ती निवृत्त होते आहे. बराच वेळ भिंतीवरची चित्रं पाहून झाल्यावर तिने डॉक्टरांना, दुसऱ्याच कुणासाठी विचारावं तसं विचारलं, की सत्तावन्नाव्या वर्षी हे होतं का? डॉक्टर म्हणाले, हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर वयाची आडकाठी नाही. जरा सावकाश होईल, इतकंच. मी हळूच ‘दोघींचं मिळून काही कमी?’ असं विचारून पाहिलं. डॉक्टर नुसते हसले. त्यांचे दात अगदी सरळ आहेत.

आक्काला तपासणीचं कार्ड मिळालं आहे. त्यावर पहिली नोंद आहे: वरची तार, निकेल-टिटॅनियम, १४ सहस्रांश इंच. बारीकच. आम्ही बँकवाले तिला प्रारंभिक शिल्लक म्हणतो.